ताटाची डावी बाजू

(दृश्य : शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप. वर धरलेला बनियन.)

"बाबा, श्वास सोडा. पोट आत ओढू नका हं."

बाबा ओढतातच. टेप दिसली की कोण ओढत नाही? सूनबाई पुन्हा माप घेते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मधोमध. ९६ सेंटिमीटर.

वजन ६४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. शर्ट घातला की बाबांना कुणी जाड म्हणणार नाही, हातपाय तर काटकुळेच. पण आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी, बाईची ८० च्या. वजनकाट्यानं बाबांना पास केलं होतं, टेपनं नापास केलं.

(दृश्य : पुणे, रास्ता पेठ. सकाळची रहदारी.)

हे कोडं ज्यांनी जगापुढे मांडलं, ते इथलेच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आलं. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजी 'वाय'नं सुरू होतात, म्हणून नाव पडलं वाय-वाय पॅरडॉक्स, म्हणजे विरोधाभास.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास सुरू होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, पण पाठीवरच्या चरबीत फारशी मागे नव्हती. म्हणजे चरबीची ही ठेवण जन्मापासूनची. सुटलेलं पोट पाहून माणसाला सरसकट आळशी ठरवण्याआधी जरा थांबायला हवं.

(दृश्य : चिमटीत धरलेली पोटाची वळी.)

चिमटीत येते ती वरची चरबी. खरी त्रासदायक ती आतली, आतड्यांना आणि यकृताला बिलगून बसलेली. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं रक्तवाटे थेट यकृतात उतरतात. यकृतात चरबी साठते, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. नुसते पोटाचे व्यायाम करून ती हटत नाही. पण खाण्याला वळण लागून वजन उतरू लागलं की हीच आतली चरबी लवकर हलते.

(दृश्य : स्वयंपाकघर. ताट वाढलं जातंय.)

मराठी ताटाला डावं-उजवं असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात आणि पोळ्या. गोम अशी की मधलं पोटभर आणि डावं बोटभर! कोशिंबीर म्हणजे चमचाभर, पंगतीत शास्त्रापुरती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाचं ताट आखून दिलं. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, वरून घ्यायचं तेल-तूप २७. आता या घरातला हिशेब बघा. चौघांच्या आमटीला मूठभर तूरडाळ. भाजी बटाट्याची, आणि बटाटा पोटात गेल्यावर धान्याच्याच पंगतीत बसतो. दर एक तारखेला तेलाचा ५ लिटरचा डबा. २७ ग्रॅमचा हिशेब धरला तर चौघांना महिन्याला तुपासकट साडेतीन लिटर पुरावं.

शिवाय सोमवारचा उपवास. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीतलं प्रथिन काय ते दाण्याच्या कुटाचं. उपवासाच्या दिवशी बाबा रोजच्यापेक्षा जास्त खातात, हे सासूबाईंनीच कॅमेऱ्यासमोर सांगितलं.

आणि चहा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २५ च्या आत असेल तर उत्तम.

(दृश्य : पातेल्यात मोड आलेली मटकी.)

सूनबाईनं परदेशी बिया आणल्या नाहीत की वेगळा 'डाएट'चा डबा केला नाही. मटकी आदल्या सकाळी भिजते, रात्री फडक्यात बांधली जाते. दुपारी वाटीभर उसळ. चार पोळ्यांच्या जागी दोन, रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. कोशिंबिरीचा चमचा गेला, वाटी आली. ताटात ती आधी वाढायची, ती संपली की मगच पोळी.

"मी काय गाय आहे का?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाय चार कप चहा पीत नाही, बाबा."

चहा दोनावर आला, साखर कपाला एक चमचा. सोमवारी खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी फरसाणाचा डबा वरच्या फळीवर. तो कुणी तरी दोनदा खाली उतरवला. कुणी, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

(दृश्य : तीन महिन्यांनंतर. तीच पिवळी टेप.)

वजन ६१. कंबर ९३. अजून तीन सेंटिमीटर उतरायचे आहेत. बाबा आता पोट आत ओढत नाहीत. निदान कॅमेऱ्यासमोर तरी नाही. वरणभातावरचं तूप काही त्यांनी सोडलेलं नाही. चमचा मात्र बदललाय. नातवाच्या बोरन्हाणाच्या वेळचा, चांदीचा, छोटासा.