चाळीस टक्के आणि एक रकाना

(दृश्य : टेबलावर घड्या पडलेला कागद. एक बोट ओळीवरून सरकत एका रकान्यावर थांबतं.)

हा निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा कागद. फौजेत याला एएफएमएसएफ-16 म्हणतात. उंची, वजन, रक्तदाब हे सगळं आधी दिसतं आणि समजतंही, म्हणून नजर तिथेच रेंगाळते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे पैसे मात्र आतल्या एका लहानशा तक्त्यावर ठरतात. आजाराचं नाव, अपंगत्वाचे टक्के, आणि दोन प्रश्न. हा आजार नोकरीमुळे झाला का? आधीचा असेल तर नोकरीमुळे वाढला का? दोन्हींपुढे 'नाही' असेल, तर टक्के चाळीस असोत की ऐंशी, अपंगत्वाचा पैसा नाकारला जातो. फायलीत याचं लघुरूप 'नाना' असं असतं, म्हणजे 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड'.

सही करण्याआधी हा तक्ता वाचा. घरी जायच्या घाईत बहुतेक जण तो वाचत नाहीत.

(दृश्य : खडकी. सकाळची रेंजहिल्सची सडक, मग एका फाटकातून व्हीलचेअर आत वळते.)

पुण्याला या विषयाची जुनी ओळख आहे. कृत्रिम अवयव केंद्र इथे 1944 पासून आहे. खडकीतली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि नंतर इथे आली. जखमी जवानांना नव्याने हुन्नर शिकवणं हेच तिचं काम. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, 1974 पासून. इतक्या संस्था हाताशी असूनही माजी सैनिकाची पेन्शन अडते ती कागदावर. म्हणून आधी हिशेब.

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीची पेन्शन. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट. अपंगत्व 100 टक्के असेल तर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. वेतन म्हणजे नुसतं मूळ वेतन नव्हे, मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजेतल्या नोकरीचं जादा वेतन, त्यात धरतात.

(दृश्य : वहीच्या पानावर पेन्सिलीने आकडेमोड.)

धरा, शेवटचं वेतन 50,000 रुपये आणि अपंगत्व 40 टक्के. पन्नास हजारांचे 30 टक्के 15,000, त्याचे 40 टक्के 6,000. पण इथे ब्रॉडबँडिंग लागू होतं. 50 पेक्षा कमी टक्के असतील तर 50 धरायचे, 50 ते 75 असतील तर 75, आणि 76 पासून पुढे थेट 100. म्हणजे चाळीसचे पन्नास होतात आणि रक्कम 7,500 होते. त्यावर महागाई सवलत वेगळी. महिन्याला दीड हजाराचा हा फरक आयुष्यभराचा आहे.

ब्रॉडबँडिंगची ही सवलत आधी फक्त आजारपणामुळे बाहेर काढलेल्यांना होती. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिली, आणि सरकारने 1 जानेवारी 2016 पासून ती लागू केली. जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, मात्र मूळचे टक्के तसेच राहिलेले सापडतात. पीपीओ काढून दोन आकडे शेजारी ठेवा : बोर्डाने दिलेले टक्के आणि पेन्शनसाठी धरलेले टक्के. ते सारखेच असतील, आणि 75 किंवा 100 नसतील, तर चूक कुठे आहे ते तुम्हाला कळलं.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पूर्ण सेवा करून आलेल्याला किमान 20 टक्के अपंगत्व लागतं. आणि दोन आजार असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी देतं आणि ती बेरजेपेक्षा कमी येते. युद्धात झालेल्या जखमेचा दर वेगळा आहे, सेवा करून निवृत्त झालेल्याला 30 ऐवजी 60 टक्के. आणि 21 सप्टेंबर 2023 पासून नवी नियमावली आली आहे. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी या व्हिडिओतलं गणित स्वतःला लावू नये. सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यात 'इम्पेअरमेंट रिलीफ' नावाची वेगळी तरतूद आहे.

(दृश्य : पुन्हा तोच तक्ता. 'नाही', 'नाही'.)

'नाना' लिहिलं गेलं म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. धरमवीर सिंग यांना फिट्स येत म्हणून सेवेतून काढलं होतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याचा गाभा असा : भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त होता आणि कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर आजार नोकरीतच झाला असं धरायचं. नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण द्यावं. एका शब्दाचा शेरा पुरेसा नाही.

म्हणून अपिलात भरतीच्या वैद्यकीय तपासणीची नोंद जोडा. अपघात असेल तर इजेचा अहवाल, आयएएफवाय-2006. सुट्टीवर असताना अपघात झाला असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे फौजेने केलेल्या चौकशीचे, कागद, कारण अशा प्रकरणात ड्यूटीशी संबंध दाखवावा लागतो आणि अपिलं तिथेच पडतात. हे कागद आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागायचे. बॉम्बे सॅपर्सच्या माणसाचं रेकॉर्ड खडकीतच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसाला बेळगावला लिहावं लागतं. पहिलं अपील नकार आल्यापासून सहा महिन्यांत करायचं, त्यावर दुसरं. तिथेही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. पुणेकरांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी बहुतेक वेळा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

(दृश्य : खोली. पलंगावर एक माणूस, दुसरा त्याला हलकेच कुशीवर वळवतो. पाठीमागे उशी सरकवतो.)

कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम भरायला महिने जातात. लघवीची नळी, तिची स्वच्छता, ताप आला की लगेच तपासणी. हे एकट्या बायकोने वर्षानुवर्षं करावं, असं गृहीत धरणं अन्याय आहे.

यासाठी कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स आहे. अपंगत्व 100 टक्के हवं, आणि सतत सोबतीची गरज मान्य अपंगत्वामुळेच आहे अशी मेडिकल बोर्डाची शिफारस हवी. अडतं ते या शिफारशीवर. टक्के शंभर असतात, पण मदतनीसाबद्दलची ओळ बोर्डाच्या कागदावर कोरी राहते, आणि कोऱ्या ओळीवर भत्ता मंजूर होत नाही. 1 जुलै 2017 पासून ही रक्कम महिन्याला 6,750 रुपये आहे. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की ती 25 टक्क्यांनी वाढते, आणि महागाई भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्के झाला. म्हणजे सुमारे 8,438. खात्यावर अजून जुनाच आकडा येत असेल तर फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुण्यात ब्युरोतून बारा तासांसाठी माणूस ठेवला तर त्याचा पगारही यात निघत नाही. रक्कम अपुरी आहे, पण ती हक्काची आहे.

औषधं आणि उपचार ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून. युद्धात अपंगत्व आलेल्यांना त्याची वर्गणी माफ आहे. अपंग मुलगा किंवा मुलगी असेल तर वयाची अट आड येत नाही, मात्र अपंगत्वाचा दाखला वेळेत जोडलेला हवा.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर अंथरुणावरच्या माणसाचा चेहरा. तो पापण्या मिटतो, उघडतो.)

वर्षातून एकदा हयातीचा दाखला. अंथरुणाला खिळलेल्याला बँकेत उचलून नेऊ नका. 'जीवन प्रमाण'चं फेस ॲप चेहऱ्यावरून काम करतं; झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तिथे हाच मार्ग. एक चूक मात्र हमखास होते. पेन्शन 'स्पर्श'वर गेलेली असते आणि घरातलं कुणीतरी सवयीने जुन्या बँकेचं नाव निवडतं. दाखला भरला जातो, पण पोचत नाही, आणि पेन्शन थांबते. वितरण करणारी संस्था म्हणून 'स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद' हेच निवडायचं.

कागद लावायला मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालयही पुण्यातच आहे, घोरपडीला, राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोरच्या 'रायगड' इमारतीत. जाताना मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्सचे दोन संच न्या, एकावर पोच घ्या.

(दृश्य : कपाटातली फाइल. वर पत्नीच्या हस्ताक्षरात नाव.)

शेवटचा मुद्दा घरच्यांसाठी आहे. मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच मृत्यू झाला, तर पत्नीला साध्या कुटुंब निवृत्तिवेतनाऐवजी विशेष निवृत्तिवेतन मागता येतं. साधं 30 टक्के, विशेष 60 टक्के. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहिलेल्या दाखल्यावर हा संबंध दिसत नाही. मूळ आजाराचं नाव मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यावर आलं आहे का, ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी पाहा, आणि दवाखान्यात शेवटचं दाखल केलं तेव्हाची डिस्चार्ज समरी त्याच वेळी मागून घ्या.