धाकधूक, वरच्या कोपऱ्यात

सकाळचे सात वाजून गेलेत, बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या पाण्यावर ऊन अजून नीट पडलेलं नाही आणि दांडिया बाजारातून ही पोरं रिक्षात दाटीवाटीने बसून शाळेला निघालीयेत. तो कडेचा बघा, दप्तर मांडीवर आणि डोळे अजून मिटलेलेच. यातल्या बऱ्याच जणांच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी. म्हणजे रडू येतं एका भाषेत आणि सांगायचं मात्र दुसऱ्याच.

हा दुसरीचा वर्ग. बाक भिंतीला लावलेत, सतरंजी टाकलीय, सगळे गोल बसलेत आणि टीचरही खालीच. मधे एक लाकडी भोवरा. भोवरा ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणी हसायचं नाही, आणि बोलायचं नसेल तर नुसता पुढे द्यायचा, तेही चालतं. सुरुवात टीचर स्वतःपासून करतात, आज रिक्षाच मिळेना, खूप चिडचिड झाली, हे बघा इथे खांदे ताठ झालेत. मग पोरंही आधी शरीरातली जागा दाखवतात, शब्द नंतर येतो.

आता भोवरा या मुलाकडे आलाय. पोटात गोळा येतो म्हणतो, वाचायला उभं केलं की. भीती? मान हलवतो, नाही. शेजारची मुलगी गुजरातीत सांगते, गभरामण. तेही नाही. मग हळूच, 'आजी म्हणते धाकधूक.' टीचर उठून फळ्यावर लिहितात, धाकधूक. फळा जवळून बघा, हिरमुसलो, रीस, कंटाळा, घालमेल, काही शब्दांवर रेघ आहे, काही गुजराती लिपीतले, बिनरेघेचे. मला तर हाच खरा धडा वाटतो, घरचा शब्द वर्गात आला की मूलही पूर्ण वर्गात येतं.

याला आता सोशल इमोशनल लर्निंग म्हणतात. अमेरिकेत 1994 साली कॅसेल नावाची संस्था निघाली, तिने याचे पाच भाग मांडले, स्वतःला ओळखणं, सावरणं, दुसऱ्याचं मन समजणं, नाती जपणं आणि विचार करून ठरवणं. आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणातही ते आलं. पण गुजरातच्या मातीत हे आधीपासून आहे हो. याच बडोद्याच्या सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये सगळ्या संस्थानात नेलं, म्हणजे मूल शाळेत तर आलं. आलेल्या मुलाच्या मनाचं काय, ते भावनगरला गिजुभाई बधेकांनी हातात घेतलं, वकिली सोडून 1920 मध्ये बालमंदिर काढलं, ना मार ना धाक, नुसत्या गोष्टी, गाणी, खेळ. लोक त्यांना मूछाळी मा म्हणायचे, मिशीवाली आई! आणि आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करून तेच पुढे महाराष्ट्रात बोर्डी, कोसबाडला घेऊन गेल्या.

भांडणं कमी झालीत असं टीचर सांगतात, वाचायला हातही जास्त वर येतात. फक्त या तासाला टाइमटेबलमध्ये स्वतःची जागा हवी, कुणी रजेवर असलं की मिळणारा पिरियड नको.

घंटा झाली. बाक परत ओढले जातायत, गणित सुरू होणार, फळा पुसला. धाकधूक तेवढी वरच्या कोपऱ्यात ठेवलीय, त्यानेच सांगितलं म्हणून.