जुन्या खाणींतील रंगीत स्फटिकांचा संग्रह

श्रोतेहो, नमस्कार.

धातू काढून झाला आणि खाण बंद पडली की तिच्याकडे कोणी फिरकत नाही. स्फटिकांच्या संग्राहकाला मात्र तिची ओढ तेव्हाही असते, कारण धातूचा शोध घेणाऱ्यांनी निरुपयोगी म्हणून जे बाजूला सारले, त्यातच पुष्कळदा रंगांचा ठेवा असतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील स्वीट होम ही खाण १८७० च्या दशकात चांदीसाठी सुरू झाली. तेथील रोडोक्रोसाइट या लालबुंद खनिजाला त्या काळी काहीच मोल नव्हते. पुढे १९९० च्या दशकात तीच खाण खास या स्फटिकांसाठी पुन्हा चालवण्यात आली. १९९२ मध्ये तेथे मिळालेला ‘अल्मा किंग’ हा भव्य स्फटिक डेन्व्हरच्या संग्रहालयात गेला.

खाणींतले बरेचसे रंग धातुशिरांच्या, म्हणजे खडकातील धातुयुक्त पट्ट्यांच्या, वरच्या भागात जन्म घेतात. पावसाचे पाणी आणि हवेतील प्राणवायू झिरपत सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिजांपर्यंत पोचले की त्यांचे ऑक्सिडीभवन होते, म्हणजे प्राणवायूशी त्यांची रासायनिक क्रिया होते, आणि पाण्यात विरघळलेला धातू खडकाच्या भेगांत व पोकळ्यांत नव्या संयुगांच्या रूपाने सावकाश साकळतो. तांब्यापासून निळा अझुराइट आणि हिरवा मॅलाकाइट तयार होतो, तर शिशापासून नारिंगी वुल्फेनाइट. नामिबियातील त्सुमेबच्या खाणीत ही क्रिया विलक्षण खोलवर पोचली होती, म्हणूनच तिच्यातील खनिजांचे वैविध्य जगभर नावाजले गेले. ती खाण १९९६ मध्ये बंद झाली.

तरीही बंद खाणीच्या बोगद्यात कोणी शिरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आतले लाकडी टेकू कुजलेले असतात, आणि प्राणवायू कमी असलेल्या हवेला रंग नसतो की वास. जमीनमालकाची परवानगी घेऊन बाहेरचे टाकाऊ दगडांचे ढिगारे धुंडाळावेत; तेथेही उत्तम नमुने हाती लागतात.

मिळालेला नमुना जपणे हे अधिक चिकाटीचे काम आहे. लाल रिअल्गार (मनशीळ) उजेडात राहिला तर त्याची पिवळी भुकटी होते, म्हणून तो बंद खणातच ठेवावा. अझुराइट आणि मॅलाकाइट ही कार्बोनेटे, म्हणजे आम्लात विरघळणारी संयुगे, असल्याने त्यांना आम्लाने कधीही धुऊ नये. आणि प्रत्येक नमुन्यासोबत खाणीचे नाव, नेमके ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी हवीच. ती हरवली की अभ्यासकाच्या लेखी त्या स्फटिकाचे बहुतेक मोल गेले. नमुना दुसऱ्याला देताना आधीच्या संग्राहकांच्या जुन्या चिठ्ठ्याही, कितीही फाटक्या असल्या तरी, त्याच्यासोबतच द्याव्यात.