चुन्याची गाडी आणि वेल्सचे शेतकरी

पश्चिम वेल्समधील पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर सोल्वा नावाचे एक चिंचोळे बंदर आहे. ओहोटी लागली की येथील होड्या गाळात टेकतात आणि काठावर ओळीने उभ्या असलेल्या दगडी चुनाभट्ट्या नजरेत भरतात. वेल्श भाषेत अशा भट्टीला ‘ओडिन गाल्ख’ म्हणतात.

या भागात पाऊस फार. तो मातीतील चुना धुऊन नेतो, जमीन आंबट होते आणि धान्य खुरटते, म्हणून शेतात पुन्हा चुना टाकावाच लागे. मिलफर्ड हेवनच्या खाणींतील चुनखडी गलबतांनी येथे आणत. तयार चुनाच का आणला नाही? कारण कळीच्या चुन्याला पाणी लागले की तो उकळू लागतो, आणि लाकडी गलबतात तो भिजला तर आग ठरलेलीच.

जॉर्ज ओवेन या स्थानिक जमीनदाराने १६०३ मध्ये लिहून ठेवलेल्या वर्णनानुसार दगड मुठीएवढे फोडत आणि वर रुंद, खाली निमुळत्या भट्टीत कोळशाच्या भुकटीसह भरत. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला दगडातील वायू निघून जातो; १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो. थंडीच्या रात्री उबेसाठी भट्टीच्या काठावर झोपलेले वाटसरू विषारी धुराने गुदमरून मेल्याच्या घटनाही घडल्या.

येथील वस्ती विखुरलेली होती. डोंगरउतारांवर एकेकटी शेतघरे असत आणि कित्येक घरांत माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत. त्यामुळे ज्याने त्याने आपली गाडी जुंपून भट्टी गाठायची, हाच शिरस्ता होता. किनाऱ्यापासून दूरचे शेतकरी मनिद डी या डोंगरावरील भट्ट्यांकडे जात आणि वाटेत प्रत्येक नाक्यावर टोल भरत. चुन्याच्या किमतीपेक्षा टोलच डोईजड होऊ लागला, तेव्हा या साध्यासुध्या माणसांचा संयम सुटला, यात नवल ते काय!

१३ मे १८३९ च्या रात्री एफाइलवेन येथील नवा टोलनाका जमावाने उद्ध्वस्त केला. पुढील हल्ल्यांत पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळे फासून येत आणि त्यांच्या म्होरक्याला ‘रिबेका’ म्हणत. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८४४ च्या कायद्याने चुन्यावरील टोल निम्म्यावर आणला.