दुसरी बाजू आलीच नाही

अध्यक्षांनी घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलंय. विषय, 'रेडिओ-टीव्हीवर राजकीय समतोलाची सक्ती म्हणजे सेन्सॉरशिप का?', पण सगळी सक्ती वक्त्यावर! असो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका केबलवाल्याने मला चर्चेला बोलावलं. विषय, बाजारपेठेतलं उघडं गटार. त्याच्या काठावरची भजी इथल्या प्रत्येकाने खाल्लीय, माना हलवू नका. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. केबलवाला म्हणाला, "सर, निवडणूक तोंडावर आहे, दुसरी बाजूपण पाहिजे." रास्तच होतं. नगरसेवकांना निरोप गेला. फोन केला की "निघालोच". दोनदा चहा झाला, शेजारची खुर्ची रिकामीच. साडेनऊला केबलवाला म्हणतो, "दुसरी बाजू आली नाही, तर पहिली कशी दाखवू?" त्या रात्री गावाने माझ्याऐवजी पुरणपोळीचा जुना भाग पाहिला. तिथे दुसरी बाजू कुणी मागितली नाही. घरी आलो तर बायको म्हणाली, "पोळ्या छान लाटल्यात." (हशा)

चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं? पळतो.

अमेरिकेत 1949 साली 'फेअरनेस डॉक्ट्रिन' आलं. रेडिओ-टीव्हीने वादाचे विषय घ्यावेत आणि दुसरी बाजूही ऐकवावी. 1964 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायनच्या केंद्रावरून एका धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या लेखकावर तोंडसुख घेतलं. कुकने उत्तरासाठी फुकट वेळ मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1969 चा निकाल असा, की रेडिओलहरी मोजक्या आहेत, श्रोत्याचा हक्क केंद्रमालकापेक्षा मोठा, द्या वेळ. त्याच न्यायालयाने 1974 मध्ये वर्तमानपत्रांवर तशीच सक्ती करणारा फ्लोरिडाचा कायदा मात्र उडवला. आणि 1987 मध्ये रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो 'फेअरनेस'चा नियमच गुंडाळला. एक कारण आमच्या केबलवाल्याचंच: दुसऱ्या बाजूच्या धास्तीने केंद्रं विषयालाच हात लावत नाहीत.

मग ही सेन्सॉरशिप का? माझं म्हणणं, कात्री कुणाच्या हातात आहे ते बघा. तिकडे अमेरिकेत प्रक्षेपणाच्या कायद्यातलं कलम 315 अजून आहे. एका उमेदवाराला वेळ दिला तर प्रतिस्पर्ध्यालाही तेवढीच संधी, आणि उमेदवार काय बोलतो त्यात केंद्राने ढवळाढवळ करायची नाही. आपल्याकडे निवडणुकीत पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मिनिटं वाटून मिळतात, ते उत्तमच. पण भाषण आधी लिहून द्यायचं, मंजूर करून घ्यायचं. 2024 मध्ये माकपचे नेते सीताराम येचुरींच्या इंग्रजी भाषणातलं 'दिवाळखोरी' काढून 'अपयश' घालायला सांगितलं. त्याच भाषणाच्या हिंदी मजकुरात काही खटकलं नाही, असं येचुरींनीच सांगितलं! कुणाची मिनिटं कमी झाली नाहीत, समतोल जागच्या जागी, आणि शब्द तेवढा गेला. याला मी सेन्सॉरशिप म्हणतो. दुसऱ्याला बोलू द्यायला लावणं, याला नाही.

आणि दुसरा आलाच नाही, तर रिकामी खुर्ची दाखवा की! पण पहिल्याला बोलू द्या.

घंटा वाजली. दुसरी बाजू आता अध्यक्ष मांडतील. त्यांना वेळेचं बंधन नाही.