पुसता येणारा पांढरा

[दृश्य: बर्फाने भरलेला तळ, मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानांची रांग]

१९४१-४२ चा हिवाळा. लेनिनग्राडच्या दक्षिणेकडे सिव्हेर्स्काया आणि क्रास्नोग्वार्देस्क या तळांवर जर्मन हवाई दलाची विमानं उभी आहेत. जूनमध्ये सोव्हिएत संघावरची मोहीम सुरू झाली तेव्हाचे त्यांचे रंग जंगलं आणि शेतं डोळ्यांपुढे ठेवून दिलेले होते. बॉम्बफेकी विमानांच्या पाठीवर काळपट हिरवा, म्हणजे जर्मन हवाई मंत्रालयाच्या (आरएलएम) रंगयादीतला क्रमांक ७०, आणि त्याच्या शेजारी गडद हिरवा ७१. पोटाला फिकट निळा ६५. बर्फ पडला आणि हीच हिरवी पाठ वरून स्पष्ट दिसू लागली. म्हणून हिवाळ्यापुरता तिच्यावर पांढरा रंग चढवला गेला.

हा पांढरा रंग मुख्यतः जमिनीवर उभ्या विमानासाठी होता. वरून येणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला ते सापडू नये, एवढंच त्याचं काम. म्हणून पाठ आणि बाजू पांढऱ्या झाल्या, पोट बहुधा निळंच राहिलं.

[दृश्य: पंखावर चढून ब्रश मारणारे मेकॅनिक]

हे काम करणारी माणसं नीट पाहा. काळ्या ओव्हरऑलमुळे वैमानिक त्यांना ‘काळी माणसं’ म्हणत. विमानाच्या प्रत्येक छायाचित्रात वैमानिकाचं नाव असतं, यांचं क्वचितच. पण आपण जो पांढरा रंग पाहतो आहोत, तो यांच्या हातचा आहे.

रंग पाण्याने धुता येणारा, डिस्टेंपरच्या जातीचा. वसंतात तो काढायचा होता, म्हणून खालचा कारखान्यातला रंग तसाच ठेवला जाई. आधी पत्र्यावरचं तेल आणि ग्रीस पेट्रोलने पुसायचं. तेवढं राहिलं तर तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग पातळ थर. स्प्रेगन असेल तर स्प्रेगन, नाहीतर ब्रश, तोही नसेल तर झाडू. पाण्यातला रंग कडाक्याच्या थंडीत पत्र्यावरच गोठतो, त्यामुळे ऊब हवी, आणि उबदार हँगर मोजकेच.

क्रॉस, स्वस्तिक आणि सांकेतिक अक्षरं सोडून रंगवायचं. घाईत त्यांच्याभोवती हिरवी चौकट उरते. ती या चित्रात ठळक दिसते. कॉकपिटची काच, रेडिएटरच्या जाळ्या, वेग मोजणारी पिटो नळी मोकळी ठेवायची. एलेव्हेटर आणि रडर, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या झडपा, यांवर हात हलका. मेसरश्मिटचे हे भाग कापडाने मढवलेले आणि वजनाने तोललेले असतात. जाड थराने तो तोल बिघडतो.

[दृश्य: शेपटीजवळचा पट्टा]

शेपटीपुढचा पट्टा पिवळा आहे, पूर्व आघाडीची ओळख. तो झाकायचा नाही, नाहीतर आपल्याच तोफा आपल्यावर. कृष्णधवल चित्रांत तो कधी काळपट, कधी फिकट दिसतो. फिल्म कोणती होती त्यावर ते ठरतं.

[दृश्य: युंकर्स ५२, जवळून]

युंकर्स ५२ या मालवाहू विमानाचा पत्रा पन्हळी. खाचांत रंग साचतो, उंचवट्यांवरून घासून जातो, म्हणून विमान पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. देम्यान्स्कला वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला रसद पोचवणारी विमानं हीच. स्टालिनग्राडच्या हवाई पुरवठ्यात अशी २६६ विमानं नष्ट झाली.

[दृश्य: मळकं मेसरश्मिट, डावा पंख]

शुभ्र विमान फार दिवस शुभ्र राहत नाही. आधी जातं ते डाव्या पंखाचं मूळ, कारण वैमानिक तिथूनच चढतो. पंखाची पुढची धार हवेने खरवडते. धुराड्यांच्या मागे काजळी, इंधन भरायच्या तोंडाभोवती ओघळ. त्यातच खरखरीत थरामुळे हवेचा अडथळा वाढतो आणि लढाऊ विमानाचा वेग घटतो, म्हणून वैमानिकांना हा रंग नकोसा. शिवाय सावली आणि बर्फावरच्या चाकांच्या खुणा रंगाने झाकत नाहीत; त्यासाठी फांद्या आणि जाळ्या लागतातच.

याच तळांवरून उडालेल्या विमानांनी वेढ्यातल्या लेनिनग्राडवर मारा केला. वेढा जानेवारी १९४४ पर्यंत चालला.

[दृश्य: वितळता बर्फ, फडक्याने विमान पुसणारे मेकॅनिक]

बर्फ विरू लागला की जमीन ठिपक्याठिपक्यांची होते. मग काळी माणसं फडकं आणि पाणी घेऊन थोडाच रंग काढत, खालचा हिरवा डागांसारखा वर येई. शेवटी सगळं धुतलं तरी पत्र्यांच्या सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती पांढरा अडकून राही. म्हणून वसंतातल्या छायाचित्रांत हिरवं विमान राखाडी, धुरकट दिसलं तर ते उन्हाने विटलेलं आहे असं धरू नका. आधी सांधे पाहा.