दोन किरण भेटतात तिथे

कल्पना करा, समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक तक्ता आहे. आतले कोपरे 9 बाय 6, प्रत्येक चौकट 25 मिलिमीटरची. अनेक कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून वस्तूचा त्रिमितीय आकार काढायचा, तर आधी या तक्त्याचे फोटो घेऊन कॅमेऱ्यांची मापं ठरवावी लागतात; याला कॅलिब्रेशन म्हणतात. काम इथूनच सुरू होतं आणि बहुतेकदा बिघडतंही इथेच.

समजा, प्रिंटरने पान किंचित लहान करून छापलं आणि चौकट 24 मिलिमीटरची आली. पुढचं प्रत्येक माप साधारण 4 टक्क्यांनी मोठं येणार. सॉफ्टवेअर मात्र कसलीच चूक दाखवत नाही, कारण आकृतीचं प्रमाण बरोबरच असतं. म्हणून छापून झाल्यावर चौकट व्हर्नियरने मोजा. कागद काचेवर चिकटवा. नुसता हातात धरला की तो वाकतो.

ऑटोफोकस बंद हवा. फोकस हलला की फोकल लेंथ (लेन्स आणि प्रतिमा यांतलं अंतर) बदलते आणि केलेलं कॅलिब्रेशन वाया जातं. प्रत्येक कॅमेऱ्यातून 15 ते 20 फोटो घ्या, तक्ता तिरका करून, फ्रेमच्या कडांपर्यंत नेऊन. लेन्समुळे चित्रात येणारा वाकडेपणा सर्वांत जास्त कडांनाच जाणवतो.

आता मूळ गणित. एका फोटोतला पिक्सेल फक्त दिशा सांगतो, अंतर नाही. दुसऱ्या कॅमेऱ्यात तोच बिंदू सापडला, की दोन किरण जिथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ती त्याची जागा. कोऱ्या भिंतीवर किंवा एकसारख्या खिडक्यांच्या रांगेत दोन फोटोंतल्या बिंदूंच्या जोड्या चुकतात. त्या गाळायला 1981 सालची रॅनसॅक पद्धत आजही वापरली जाते.

कॅमेऱ्यांमध्ये 10 सेंटीमीटर अंतर आणि फोकल लेंथ 1000 पिक्सेल धरू. 5 मीटरवरच्या वस्तूच्या दोन फोटोंतल्या जागांमधला फरक 20 पिक्सेल. त्यात एका पिक्सेलची चूक म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतरात सुमारे 25 सेंटीमीटरची. 10 मीटरवर तीच चूक जवळपास 1 मीटर! अंतर दुप्पट, चूक चौपट. कॅमेरे लांब ठेवले तर ती घटते, पण दोन्ही दृश्यं इतकी वेगळी दिसू लागतात की जोड्या जुळेनाशा होतात.

वस्तू हलती असेल तर वेळही जुळायला हवी. सेकंदाला 30 फ्रेम, अर्ध्या फ्रेमचा फरक, वस्तूचा वेग सेकंदाला 10 मीटर: तेवढ्यात ती 16 सेंटीमीटरहून जास्त सरकलेली असते. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एकदा दिवा लुकलुकवला, तर कुठली फ्रेम कुठल्या फ्रेमशी जुळते ते कळतं. फ्रेमच्या आतला फरक मात्र त्याने जात नाही. त्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांना एकच ट्रिगरची, म्हणजे एकाच क्षणी फोटो घ्यायचा इशारा देणारी, वायर जोडावी लागते.